प्लग, पॉइंट आणि पाना

ऑगस्ट १८८८ मधली गोष्ट. जर्मनीतल्या मानहाइम गावातून बर्था बेंझ नावाची बाई दोन मुलांना बरोबर घेऊन फॉर्त्सहाइमला, आपल्या माहेरी निघाली. नवऱ्याला तिने काही सांगितले नव्हते. ती बसली होती नवऱ्यानेच, म्हणजे कार्ल बेंझने, तयार केलेल्या तीनचाकी मोटारीत. रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा. तोवर एवढ्या लांब कुणीच मोटार नेली नव्हती. वाटेत इंधन संपले, ते वीसलोख या गावी औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तो तिने टोपीच्या पिनेने काढला. आणि ठिणगीच्या तारेवरचे वेष्टण झिजून करंट भलतीकडे जाऊ लागला, तेव्हा आपल्या मोज्याचा बंद त्या तारेला गुंडाळून ती पुढे गेली, असे सांगतात.

मोटारीच्या इतिहासात या प्रवासाचा उल्लेख नेहमी होतो, पण तो बहुधा बाईच्या धाडसासाठी. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास पुरा झाला तो, गाडीत बसलेल्या माणसाला ठिणगी कुठून येते आणि कुठे जाते हे ठाऊक होते म्हणून. त्या काळी गॅरेज नव्हते, मेकॅनिक नव्हता. जो गाडी चालवील त्यानेच ती उघडावी, पुसावी, जोडावी, अशीच रीत होती. ही रीत पुढे शंभर वर्षांहून अधिक टिकली, आणि आपल्या डोळ्यांदेखत संपत आली. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या रीतीच्या इतिहासाविषयी.

पेट्रोलच्या इंजिनाचे काम तसे सोपे. हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये घ्यायची, पिस्टनने ती दाबायची आणि नेमक्या क्षणी पेटवायची. सगळी अडचण या ‘नेमक्या क्षणी’त आहे. ठिणगीने वायू पेटतो हे माणसाला बरेच आधी समजले होते. इटलीच्या व्होल्टाने १७७६-७७च्या सुमारास दलदलीतून निघणारा वायू विजेच्या ठिणगीने पेटवून दाखवला होता. १८६०मध्ये पॅरिसमध्ये लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात विजेचीच ठिणगी वापरली. पण ती बेभरवशाची. म्हणून १८७६मध्ये ओटोने आपल्या चार स्ट्रोकच्या इंजिनाला सरळ ज्योतीचा विस्तव दिला, तर डाइमलरने बाहेरून ज्योतीने तापवलेली नळी सिलिंडरला जोडली. म्हणजे पेट्रोलशेजारी उघडा जाळ. बेंझने मात्र बॅटरी आणि कॉइल घेऊन विजेच्या ठिणगीचाच हट्ट धरला.

हा प्रश्न सोडवला श्टुटगार्टमधल्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने. तिथे काम करणाऱ्या गोटलोब होनोल्डने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. आजचा प्लग त्याच कुळातला आहे. मधोमध धातूची काडी, भोवती चिनी मातीचे वेष्टण, बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच, आणि टोकाशी एक बारीकशी फट. या फटीतून वीज उडी मारते. ती उडी म्हणजेच आपली ठिणगी.

आता यातला दुसरा माणूस, चार्ल्स केटरिंग. हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरचा. दुकानातल्या गल्लापेटीला विजेची मोटर बसवणारा इंजिनिअर. त्याने आणि त्याच्या साथीदाराने १९०९मध्ये एक कंपनी काढली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. आद्याक्षरे जोडली की होते ‘डेल्को’. तिची नवी इग्निशन पद्धत १९१०च्या कॅडिलॅक मोटारीत आली. बॅटरी, एक कॉइल, एक कंडेन्सर आणि उघडझाप करणारा पॉइंट, एवढाच तिचा संसार. पॉइंट मिटलेला असताना कॉइलमधून करंट वाहतो. पॉइंट उघडला की तो एकदम तुटतो, आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो. तो रोटरमार्फत ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे जातो. कंडेन्सरचे काम पॉइंट जळू न देण्याचे. जवळजवळ साठ-सत्तर वर्षे जगभरच्या बहुतेक मोटारी याच पद्धतीवर धावल्या.

मी कवितेचा माणूस, त्यामुळे यंत्रापेक्षा शब्दांकडे माझे लक्ष आधी जाते. आपल्याकडचे जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. ‘डेल्को खोल, पॉइंट घास’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले. डेटन शहराचे नाव न ऐकलेल्या माणसाच्या तोंडी त्या शहराचे आद्याक्षर रोज येत होते. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांचा, ‘उस्ताद’ फारसी, ‘पाना’ इंग्रजी स्पॅनरचा, आणि प्लगवर बसणारी ‘काजळी’ आपली घरची. गॅरेजातल्या एका वाक्यात चार मुलुखांचे पाणी असे.

आपल्याकडे ही विद्या घरोघर पोचली त्याला कारण आपली टंचाई. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ठरवले, की नुसते सुटे भाग आणून जोडायचे नाहीत, गाडी इथेच बनवायची. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता, तो १९५४मध्ये बंद झाला. उरल्या मोजक्या गाड्या. उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर, आणि वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट. हीच फियाट पुढे १९७०च्या दशकात पद्मिनी झाली. दुचाकीत आकुर्डीच्या बजाजची स्कूटर. इटलीच्या पियाज्जोबरोबरचा परवान्याचा करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. नंबर लावून स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे आपण पाहिली आहेत.

सुट्या भागांचेही तसेच. १९५१मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली ‘मायको’, निघाली. तिच्यात बॉशची भागीदारी होती, आणि २००८मध्ये तिचे नावच बॉश लिमिटेड झाले. होनोल्डने ज्या कारखान्यात प्लग सिद्ध केला, त्याच घराण्याचा प्लग मायको या नावाने तालुक्याच्या गावच्या ऑटोमोबाइलच्या दुकानात, काचेच्या कपाटात मिळू लागला. १९६१पासून मद्रासची लुकास-टीव्हीएस कंपनी मोटारींचे विजेचे भाग बनवू लागली. इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग सर्वांत स्वस्त होता, बाजारात मिळत होता, आणि एका पान्याने निघत होता. गाडी मात्र आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू होती. अशा वेळी मालकाने पाना हातात घेतला नसता तरच नवल.

आमच्या अब्बांचा रविवार सकाळी चहानंतर स्कूटरशी सुरू होई. जमिनीवर जुने वर्तमानपत्र, त्यावर प्लग पाना, पितळी ब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा आणि रॉकेलची वाटी. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, त्यामुळे प्लगवर काजळी धरणारच. अब्बा प्लग काढून लगेच घासत नसत. उन्हात धरून पाहत आणि मला म्हणत, ‘पैले देख, बाद में हात लगा.’ टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ओलसर तेलकट काळे असेल तर ऑइलचे प्रमाण तपासा. आणि टोक पांढरे पडले असेल तर इंजिन फार तापते आहे, हवा जास्त, पेट्रोल कमी. वैद्य किंवा हकीम जीभ बघतो तसा हा प्रकार. मग घासणे, आणि मग गॅप. फिलर गेज कुणाच्या घरी असणार? हॅकसॉ ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते, आणि स्कूटरच्या प्लगची फटही तेवढीच ठेवायची असते. ते ब्लेड फटीत हलके अडकत सरकले की काम झाले.

हे घरोघर चाले आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मला वाटते, त्याचे एक कारण आपल्या माजघरात होते. ज्या घरात रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसली जाई, वात कापली जाई, त्या घराला प्लग पुसणे परके वाटले नाही. उजेड हवा तर आधी काजळी काढावी लागते, हे त्या पिढीला शिकवावे लागले नाही.

पॉइंटचे काम जरा वरच्या इयत्तेचे. पद्मिनीचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरसाठी पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला शंभरदा. एवढी उघडझाप केल्यावर एका बाजूला खड्डा पडतो, दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. कॅमवर घासणारा त्याचा फायबरचा तुकडा झिजतो, त्याने फट कमी होते, आणि फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते. ‘गाडी मिसिंग करते’, ‘पिकअप घेत नाही’, ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला उस्ताद पहिल्यांदा पॉइंट दाखवायला सांगत. गॅरेजात शिकायला आलेल्या पोराची सुरुवात प्लग पुसण्यापासून होई. पॉइंटला हात लावण्याची परवानगी मिळायला वर्ष-दोन वर्षे लागत, आणि टायमिंग स्वतः बांधू दिले की पोरगा मिस्त्री झाला असे समजत. त्याला कागद नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. शाळा सुटलेल्या कितीतरी मुलांना या एका ठिणगीने पोट दिले आणि मानही दिला.

या काळाचे मी फार गोडवे गातो आहे असे कुणी समजू नये. त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बर्था बेंझने जे काम केले, ते आपल्या अंगणात मुलींना क्वचितच करू दिले गेले. माझ्या बहिणीने कंदिलाच्या काचा पुसल्या, पण प्लग पाना तिच्या हातात कुणी दिला नाही. गॅरेजातल्या त्या पोरांचे बालपण ऑइलमध्ये गेले, हेही खरेच. आणि दोन स्ट्रोकचा निळा धूर आपल्या शहरांच्या छातीत साठत राहिला.

पॉइंटचा अंत झाला तो या धुरामुळेच. परदेशात १९७०च्या दशकात ट्रान्झिस्टरने पॉइंटची जागा घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे १९९५मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोल आले. २०००मध्ये ते देशभर आले, त्याच वर्षी धुराचे नवे निकषही लागू झाले. एखादी ठिणगी चुकली तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची नासाडी करते. म्हणजे आता ठिणगी चुकून चालणार नव्हते, आणि सेकंदाला शंभरदा झिजणाऱ्या पॉइंटवर तो भरवसा टाकता येत नव्हता. ठिणगीचा क्षण संगणक ठरवू लागला. एप्रिल २०२०पासून बीएस-सहा निकष आले, आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जवळजवळ गेला. इरिडियमचा प्लग लाखभर किलोमीटर चालतो. मालकाने बॉनेट उघडावे असे कारणच उरले नाही.

जुन्या गाड्याही गेल्या. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, कारण शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत भरली. बजाजने २००९च्या अखेरीस स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला होता. जानेवारी २०२०मध्ये चेतक हे नाव परत आले, ते विजेच्या स्कूटरवर. तिच्यात प्लग नाही, पॉइंट नाही, काजळी नाही. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले.

मग गेले काय? माझ्या मते गेली ती उघडून बघण्याची मुभा. पूर्वी ठिणगी कमकुवत होती, म्हणूनच ती सगळ्यांना शिकावी लागली. ती भक्कम झाली तेव्हा शिकण्याची गरज संपली, इथपर्यंत तक्रार नाही. पण त्यापुढची पायरी अशी आली, की शिकायचे म्हटले तरी शिकता येईना. दोष काय आहे हे सांगणारे सॉफ्टवेअर कंपनीकडे, सुटे भाग कंपनीकडे, आणि उघडले तर वॉरंटी जाण्याची भीती मालकाकडे. तीस वर्षे कानाने इंजिन ओळखणारा उस्ताद एका बंद डब्यासमोर अडाणी ठरला. त्याची विद्या खोटी नव्हती, तिला दारातूनच परत पाठवले गेले.

हा प्रश्न जगभर विचारला जातो आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२मध्ये मतदारांनी कौल दिला, की मोटारीच्या दुरुस्तीची माहिती कंपनीने स्वतंत्र गॅरेजांनाही दिली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. ट्रॅक्टर ऐन पेरणीत बंद पडलेल्या शेतकऱ्याला या हक्काचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ज्यांच्या दारात अजून जुनी पॉइंटवाली गाडी आहे, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इंजिन गार होऊ द्या. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे निघतात. काढण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मोटार असेल तर एका वेळी एकच वायर काढा. पद्मिनीत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो, आणि वायरींची अदलाबदल झाली तर दिवस वाया जातो. नवा प्लग कंपनीने सांगितलेल्याच नंबराचा घ्या, कारण प्लगातही गरम आणि थंड असे प्रकार असतात. तो आधी बोटांनी फिरवून बसवा, पाना शेवटी लावा, आणि जोर बेताने द्या. पॉइंटची फट मोजायची ती कॅमच्या उंच टोकावर, पॉइंट पूर्ण उघडलेला असताना. पद्मिनीत ती अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी ठेवतात. ती बदलली की टायमिंगही हलते, म्हणून ते पुन्हा तपासा. आणि हे सगळे करताना घरातल्या मुलाला जवळ बसवा, मुलीलाही.

ज्यांच्या गाडीत आता प्लगच नाही, त्यांनीही घरातली एखादी तरी वस्तू, पंखा, मिक्सर, सायकल, मुलांदेखत उघडावी. वस्तू नीट झाली नाही तरी हरकत नाही. आपल्या घरातल्या यंत्राच्या आत काय आहे हे पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, एवढे त्या मुलांच्या मनात बसले तरी पुष्कळ झाले. दुरुस्तीचा कायदा उद्या होईलही, पण तो वापरायला पाना धरणारे हात लागतील.